गोव्याच्या उन्हाळ्यात टाकीतली हिरवळ : माँटे कार्लो का विरघळतंय?

केवडा (फोंडा) | ११ मे, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय, कारण आता खरंच अडले आहे.

माझी माशांची टाकी दोन फुटी, ६० × ३० × ३६ सेंमी, पाणी साधारण ६० लिटर. तळाला चार सेंमी ॲक्वासॉइल, म्हणजे पाणवनस्पतींसाठीची विकतची खतावलेली माती. सीओटूचं (कार्बन डायऑक्साइडचं) सिलिंडर, वायू चालू-बंद करणारा सोलेनॉइड, रंगावरून वायू दाखवणारा ड्रॉप चेकर, सगळं हळूहळू पैसे साठवून घेतलं. दिवे आठ तास. पुढच्या भागात माँटे कार्लो या बारीक पानांच्या पाणवनस्पतीचा गालिचा करायचा आहे. मार्चमध्ये लावलं, पहिले दोन आठवडे छान होतं. मग कडेची पानं पिवळी पडली, नंतर काचेसारखी पारदर्शक झाली आणि फिल्टरच्या जाळीला जाऊन चिकटली. आता हा टिश्यू कल्चरचा (प्रयोगशाळेत जेलीत वाढवलेल्या रोपांचा) तिसरा कप. ड्रॉप चेकर कायम हिरवा असतो, म्हणजे सीओटू पुरेसा आहे. दुपारी पाणी ३१ अंशांवर जातं.

माझा मामेभाऊ लिस्बनला असतो. २०१६ साली त्याच्याकडे गेले होते तेव्हा तिथल्या ओशनारियो मत्स्यालयात पाणवनस्पतींच्या टाक्या सजवणारे जपानी कलाकार ताकाशी अमानो यांनी उभी केलेली टाकी पाहिली, ४० मीटर लांब, १ लाख ६० हजार लिटरची. तासभर तिच्यासमोरून हलले नाही. अमानो २०१५ मध्येच गेले हे तिथल्या फलकावरून कळलं आणि फार वाईट वाटलं. घरी आल्यावर ठरवलं, आपण दोन फुटांत का होईना, पण अशी हिरवी जमीन करायचीच. म्हणून सोडवत नाहीये. कुठे चुकतंय ते कृपया सांगा.

---

सालसेतकर (मडगाव) | ११ मे, रात्री १०.२५

ताई, गोव्यात माँटे कार्लोच्या मागे लागू नका. सॅजिटेरिया सुब्युलाटा ही गवतासारखी पाणवनस्पती लावा. सीओटू नको, पंखा नको. माझ्याकडे सहा वर्षं आहे, दर महिन्याला उपटून वाटावं लागतं इतकं येतं.

---

व्हाळाकाठ (डिचोली) | ११ मे, रात्री ११.०५

केवडाताई, वनस्पती बदलायच्या आधी तीन गोष्टी सांगा. ड्रॉप चेकरमध्ये कुठलं पाणी घातलंय? तुमच्या नळाच्या पाण्याचा केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) किती? आणि सीओटू दिव्यांच्या किती आधी सुरू होतो?

---

केवडा | १२ मे, सकाळी ७.१५

पाणी टाकीतलंच घातलंय, त्यात निळ्या औषधाचे तीन थेंब. जिथून घेतला तिथे तसंच सांगितलं होतं. नळाचं पाणी ओपाच्या प्रकल्पातून येतं. टेस्ट किटवर केएच १, जीएच (पाण्याचा एकूण जडपणा) २ आला. सीओटू आणि दिवे एकाच टायमरवर आहेत, बरोबरच सुरू होतात.

---

व्हाळाकाठ | १२ मे, दुपारी १.४०

मग बहुतेक सापडलं. जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडचे निम्मे लोक इथेच फसतात. मीही दोन वर्षं फसलो होतो.

ड्रॉप चेकरमधलं निळं औषध म्हणजे ब्रोमोथायमॉल ब्लू. ते फक्त पीएच (पाण्याची आम्लता) दाखवतं, सीओटू दाखवत नाही. साधारण ६.६ पीएचला ते हिरवं दिसतं. आता पीएच, केएच आणि सीओटू यांचं नातं ठरलेलं आहे. केएच ४ असलेलं पाणी ६.६ पीएचला आलं, तर त्यात सीओटू ३० पीपीएम (दहा लाखांत ३० भाग) असतो, आणि आपल्याला तेवढाच हवा असतो. पण केएच १ असेल तर तोच हिरवा रंग म्हणजे जेमतेम साडेसात पीपीएम. चेकर हिरवा दिसतोय आणि झाडाला हव्या त्याच्या चौथा हिस्साच वायू मिळतोय. जिथे पाणी जड असतं तिथे याच चुकीनं उलटं होतं. केएच ८ असेल तर हिरवा दिसेपर्यंत ६० पीपीएम होतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकायला लागतात. आपलं पाणी पावसाचं, जांभ्यातून झिरपलेलं, मऊ. म्हणून आपल्याकडे मासे मजेत असतात आणि झाडं उपाशी मरतात, त्यामुळे चूक कळतच नाही.

चेकरमध्ये टाकीचं पाणी कधीच घालायचं नाही. ४ केएचचं पाणी वेगळं करून घालायचं. घरी करता येतं : बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर एक लिटर घ्या, त्यात १.२ ग्रॅम खायचा सोडा विरघळवा. हे झालं ४० केएच. यातलं १०० मिली घेऊन त्यात ९०० मिली डिस्टिल्ड वॉटर घातलं की ४ केएच. सोनाराकडच्यासारखा छोटा काटा हवा, चमच्यानं मोजू नका. बाटलीवर चिठ्ठी लावून ठेवा, वर्षभर पुरतं.

दुसरं, सीओटू दिव्यांच्या दोन तास आधी सुरू करा आणि दिवे बंद व्हायच्या तासभर आधी बंद करा. दिवा लागला की झाड लगेच कामाला लागतं, त्या क्षणी पाण्यात वायू तयार हवा. चेकर तासभर मागे असतो हेही लक्षात ठेवा, आत्ता दिसणारा रंग मघाचा असतो.

वाढवताना एकदम वाढवू नका. रोज थोडे बुडबुडे वाढवा आणि मासे बघत राहा.

जीएच २ हाही कमीच आहे. नव्या पानांची टोकं वाकडी, पांढुरकी येतायत का? तसं असेल तर कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी पडतंय. जीएच ४-५ पर्यंत न्या.

---

केवडा | १२ मे, दुपारी २.१०

टोकं वाकडीच येतायत! मला वाटायचं ही जातच तशी असेल. दादा, खूप खूप आभार. संध्याकाळीच सोडा मोजते.

---

पणजीकर_आजोबा (पणजी) | १२ मे, संध्याकाळी ६.३०

व्हाळाकाठ यांनी वायूचं नेमकं सांगितलं. मी उष्णतेचं सांगतो. १९८० च्या दशकापासून टाक्या ठेवतोय, तेव्हा तळाखालची जाळी आणि पंपाचे बुडबुडे एवढंच माहीत होतं.

पोरी, ३१ अंश हे पाणी माँटे कार्लोला जड जातं. उष्ण पाण्यात सीओटू कमी विरघळतो, प्राणवायूही कमी विरघळतो, आणि झाडाचा श्वास मात्र जोरात चालतो. दिवसभर कमावलेलं रात्री संपून जातं. २५-२६ अंशांत जेवढ्या वायूत भागतं तेवढ्यात ३१ ला भागत नाही. २८ च्या खाली राखता आलं तर बघ.

पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा लाव, पण त्याच्याकडून काय होईल आणि काय होणार नाही हे समजून घे. पंखा पाण्याची वाफ करून थंडावा देतो. हवा आधीच दमट असेल तर वाफ होत नाही. साधी परीक्षा आहे, धुतलेलं फडकं सावलीत किती वेळात वाळतं ते बघ. जानेवारीत तासाभरात वाळतं, तेव्हा पंखा पाणी तीन-चार अंश सहज उतरवतो. मे महिन्यात फडकं दुपारपर्यंत ओलंच असतं, तेव्हा एखाद-दोन अंश मिळाले तरी पुष्कळ. झाकण काढून ठेव, आणि उडालेल्या पाण्याची भर रोज घाल.

दिव्यांची वेळ बदल. दुपारी खोली तापलेली असताना वर दिवेही तापवायचे कशाला? संध्याकाळी पाचपासून अकरापर्यंत लाव, तुला घरी असताना टाकी बघायलाही मिळेल. आठ तासांऐवजी सहा. वायू कमी आणि उजेड जास्त असला की शेवाळाचं फावतं.

सिलिंडर उन्हाच्या खोलीत किंवा गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नकोस. ३१ अंशांच्या वर आतला द्रवरूप सीओटू द्रव राहत नाही, दाब झपाट्यानं चढतो. जमिनीवर, सावलीत, भिंतीला पट्ट्यानं बांधून उभा ठेव. हे माझं मागणं समज.

---

ओलीमाती (म्हापसा) | १३ मे, सकाळी १०.००

मी नवीन आहे, विचारू का? ॲक्वासॉइल परवडत नाही. समुद्रावरची रेती धुऊन घातली तर चालेल का? हेअरग्रास, म्हणजे केसांसारखं बारीक पाणगवत लावायचंय.

---

चिरेखण (सांगे) | १३ मे, दुपारी १२.२०

ओलीमाती, नको. एक तर किनाऱ्यावरची रेती उचलायला कायद्यानं बंदी आहे. दुसरं म्हणजे तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, तो विरघळत राहतो आणि पाणी जड करत राहतो. कुठल्याही रेतीची परीक्षा घरी होते : चमचाभर सुकी रेती बशीत घेऊन वर स्वयंपाकातलं व्हिनेगर ओता, आपलं माडाचं चालेल. फेस आला तर ती रेती टाकीत जाऊ देऊ नका.

बांधकामाच्या दुकानातून नदीची रेती चाळून घ्या, दाणा एक ते तीन मिलीमीटरचा. अगदी बारीक घेतली तर ती घट्ट बसते आणि मुळांना आत शिरता येत नाही. नुसत्या रेतीत खाणं नसतं, म्हणून मुळांजवळ खताच्या गोळ्या पुरा.

आता माझ्या आवडीचा विषय. आपला चिरा, म्हणजे जांभा. बुकॅनन यांनी १८०७ मध्ये मलबारच्या वर्णनात या दगडाला लॅटेराइट नाव दिलं, लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट, कारण तिथेही लोक तो विटांसारखा कापून घरं बांधत होते. युरोपातले हौशी लोक ॲक्वासॉइल यायच्या कितीतरी आधी हाच जांभा पुड्यांतून विकत घेऊन टाकीच्या तळाशी घालायचे, लोहासाठी. आपण ज्याच्यावर चालतो तो दगड ते ग्रॅमवर मोजून घ्यायचे!

मी जुन्या पडक्या भिंतीचा चिरा फोडून, चाळून, पंधरा-वीस पाण्यांनी धुऊन तळाला एक सेंमी थर दिला आणि वर रेती. लागवड चांगली धरली. पण अपेक्षा बेतानं ठेवा. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं असतात, नत्र जवळजवळ नसतं, पालाश अगदी थोडा, आणि पाण्यातला फॉस्फेट तो स्वतःकडे धरून ठेवतो. त्यामुळे बाकीचं खत द्यावंच लागतं. थर वर येऊ दिला तर पाणी आठवडाभर व्हाळाच्या पुरासारखं लाल राहतं. खाणपट्ट्यातली माती मात्र घेऊ नका, तिच्यात काय मिसळलंय ते सांगता येत नाही.

---

सालसेतकर | १३ मे, रात्री ९.१५

सगळं बरोबर आहे, तरी माझं म्हणणं मांडतो. पावसाळ्यात आमच्याकडे वीज दिवसातून चारदा जाते. सिलिंडर, रेग्युलेटर, पंखा यांच्यावर उभी केलेली टाकी त्या दिवसांत अंगावर येते. प्रत्येकाला हा खर्च झेपत नाही. ओलीमातींनी पहिल्याच टाकीत इतकं करू नये असं मला मनापासून वाटतं. सॅजिटेरिया, मार्सिलिया हिर्सुटा, क्रिप्टोकोरिन पार्वा, हेलँथियम टेनेलम. यांना उष्णता सोसते. पार्वा इतकी सावकाश वाढते की वर्ष जातं, पण एकदा बसली की बसली.

आणि मार्सिलियाची भावंडं आपल्या शेताच्या मेरेवरच उगवतात, चार पानांची. पावसात वाकून बघा एकदा.

---

व्हाळाकाठ | १३ मे, रात्री ९.५०

सालसेतकरांशी सहमत, एक भर घालतो. बिनवायूची टाकी करायची तर उजेडही मंद ठेवायचा. लोक वायू काढून टाकतात आणि दिवा तसाच ठेवतात, मग महिन्याभरात सगळं शेवाळलेलं. हवेतून पाण्यात आपोआप दोन-तीन पीपीएमपेक्षा जास्त सीओटू उरत नाही, तेवढ्यात जितका उजेड पचेल तितकाच द्यायचा.

---

ओलीमाती | १४ मे, सकाळी ८.३०

मग मी मार्सिलियाच बघते. अजून एक. पावसात सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) सीतेची आसवं फुलतात, ती युट्रिक्युलारिया आहे ना? परदेशी टाक्यांत युट्रिक्युलारिया ग्रॅमिनिफोलियाचा गालिचा पाहिला. सड्यावरून थोडी आणली तर?

---

चिरेखण | १४ मे, सकाळी ९.०५

नाही हो, कृपा करून नाही. सड्यावर मातीचा थर बोटभरही नसतो. सीतेची आसवं, गेंद ही सगळी त्या दोन-तीन महिन्यांच्या पाण्यावर जगतात, बी टाकतात आणि संपतात. उपटलेली टाकीत टिकायची नाहीत आणि सड्यावरचं पुढच्या वर्षीचं बी जाईल. सडे आधीच बांधकामांखाली चाललेत, ते बघून पोटात तुटतं.

ग्रॅमिनिफोलिया वेगळी जात आहे. ती हवीच असेल तर टिश्यू कल्चरचा कप घ्या. तिला खरी मुळं नसतात, बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून ती जगते. खतावलेल्या मातीत कुजते. एकेक काडी लावली तर तरंगते, म्हणून चौकोनी गड्डे करून पुरायचे.

---

केवडा | ९ जून, रात्री १०.२०

मंडळी, हालहवाल. ४ केएचचं पाणी केलं, चेकर निळा! निळाच! पाहून रडायलाच आलं, तीन महिने झाडं उपाशी होती. वायू वाढवायला आठवडा घेतला, तोपर्यंत उरलेलं माँटे कार्लोही गेलं. चारच काड्या हिरव्या आहेत, त्या वाटीत ठेवल्यात.

आता घाई करायची नाही असं ठरवलंय. मासे भावाच्या टाकीत हलवले. टाकी रिकामी करून कोरडी सुरुवात करावी म्हणते, म्हणजे ओल्या मातीत लावून पाण्याशिवाय वाढवायचं. पावसाळ्यात जमेल का?

---

व्हाळाकाठ | ९ जून, रात्री ११.००

पावसाळ्याइतका चांगला हंगाम नाही! खोली २६-२७ अंशांवर येते, हवा ओली. झाडाची पानं हवेत असली की सीओटू थेट हवेतून मिळतो, सिलिंडर बंद ठेवायचा. पाण्यात शेवाळ वाढायचा प्रश्नच नाही.

पाण्याची पातळी मातीच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली ठेवा. माती चिंब हवी, वर डबकी नकोत. कपातली जेली थंड पाण्यानं पूर्ण धुवा. तीन-चार काड्यांचे पुंजके करून दोन-तीन सेंमी अंतरावर, चिमट्यानं तिरके खुपसा, वर टोकं तेवढी दिसली पाहिजेत. वरून स्वयंपाकातली प्लास्टिक फिल्म. दिवा दहा-बारा तास. रोज पाच-दहा मिनिटं फिल्म उघडा, नाहीतर बुरशी येते. सहा ते आठ आठवडे. चार आठवड्यांत हिरवं दिसायला लागेल आणि पाणी भरायचा मोह होईल. भरू नका. पुंजका बोटानं हलकेच ओढला तर माती सोडत नाही, इतकी मुळं धरू द्या.

---

केवडा | १७ जुलै, सकाळी ६.५०

तिसरा आठवडा. एका कोपऱ्यात कापसासारखी पांढरी बुरशी आली. चार दिवस सतत पाऊस, मी फिल्म उघडायला विसरले होते.

---

पणजीकर_आजोबा | १७ जुलै, सकाळी ७.३०

तेवढा भाग चमच्यानं मातीसकट काढून टाक, दोन दिवस फिल्म अर्धी उघडी ठेव, फवारा कमी कर. बाकीचं जगेल. घाबरू नकोस.

---

केवडा | १४ सप्टेंबर, रात्री ९.००

चवथीचे पाहुणे गेले आणि दुसऱ्या दिवशी पाणी भरलं. मातीवर बशी ठेवून तिच्यावर हळूहळू ओतलं, एकही पुंजका सुटला नाही. आजोबांनी सांगितलेल्या दिव्यांच्या वेळा पाळतेय, पाच ते अकरा. वायू दुपारी तीनला सुरू. मासे नाहीत म्हणून चेकर पिवळसर होईपर्यंत नेलाय. पहिला आठवडा रोज अर्धं पाणी बदललं, नळाच्या पाण्यात आधी क्लोरीन मारायचं औषध घालून. जीएच ५ राखलाय.

काही जुनी पानं विरघळली. पण या वेळी खालून नवी येतायत, बारीक आणि गडद, टोकं सरळ.

---

व्हाळाकाठ | १४ सप्टेंबर, रात्री ९.४०

हवेतली पानं जाणारच, पाण्यातली वेगळी येतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्याशिवाय मासे आणू नका, आणि आणायच्या आधी चेकर पुन्हा हिरव्यावर घ्या. आधी चेरी कोळंबी सोडा, काचेवरचं तपकिरी शेवाळ साफ करतील. कोरीडोरास मासे नको, ते अजून सगळं उकरतील.

---

केवडा | २३ नोव्हेंबर, दुपारी ४.३०

गालिचा झाला. पुढच्या काचेपासून दगडांपर्यंत माती दिसत नाही. संध्याकाळी सातनंतर पानापानाला बुडबुडे लागतात आणि सुटून वर जातात. माझी मुलगी अभ्यासाची वही घेऊन समोरच बसते. पाणी आता २६ अंश आहे. मे महिन्याची धास्ती आहेच, पण मुळं धरलेलं झाड सोसेल असं आजोबा म्हणालेत.

एक शंका, जाडी तीन सेंमी झालीय. कापू का?

---

व्हाळाकाठ | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.१०

आजच कापा. वरचा थर खालच्याला उजेड देत नाही, खालचा कुजतो आणि मग एका सकाळी सगळी चादर मातीतून सुटून वर तरंगताना दिसते. माझी २०१९ मध्ये तशी गेली. वाकड्या कात्रीनं निम्म्यापर्यंत छाटा, पाणी बदलताना कापलेलं सगळं जाळीनं गोळा करा. एकही काडी बेसिनमधून किंवा व्हाळात जाऊ देऊ नका. केरळात लाल कॅबोम्बानं कालवे भरलेत, ते टाकीतूनच सुटलेलं आहे. करमळीचं तळं आणि कुडचड्याचं नंदा तळं तसं व्हायला नको. नको असलेलं उन्हात कडक वाळवून मग टाका.

---

केवडा | २३ नोव्हेंबर, रात्री ८.४५

कापलं. कुठेच टाकलं नाही, सगळं डब्यात ओल्या कागदावर ठेवलंय, तळहाताएवढे सहा तुकडे निघाले. ओलीमाती, शुक्रवारच्या बाजाराला मी म्हापशाला येतेय. तुमची मार्सिलिया बसली असेल तर एका कोपऱ्यात हे लावून बघा. आणि ४ केएचच्या पाण्याची छोटी बाटलीही आणते.

---

ओलीमाती | २३ नोव्हेंबर, रात्री ९.००

बसली! चारही पानं आली. शुक्रवारी साडेदहाला फुलवाल्यांच्या रांगेपाशी उभी राहते, हातात निळा डबा असेल.